वकिलाची फी आणि वारकऱ्याचा विवेक

परमार्थाच्या मासिकात वकिलाच्या फीची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. कोर्टकचेरी हा प्रपंचाचा भाग. आपल्याला नामाशी काम. पण मंडळी, ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याच्याच खिशात तारखेची चिठ्ठी असते, हे आपण रोज पाहतो. वारीला निघताना पुष्कळांच्या मनात पहिला विचार पेरणीचा असतो आणि दुसरा, एकादशीच्या तोंडावर तारीख तर पडली नाही ना, हा असतो. तेव्हा हा विषय टाळून चालणार नाही.

निमित्त असे घडले. आमच्या दिंडीत दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला पुढे टाळकऱ्यांत चालतो, धाकटा मागे पताका घेऊन चालतो. रिंगण झाले की जो समोर येईल त्याच्या पाया पडायचे, ही आपली रीत. तेथे लहानथोर उरत नाही. हे दोघे भाऊ शेकडो जणांच्या पाया पडतात. पण एकमेकांसमोर आले की एकाला चपलेचा पट्टा आठवतो आणि दुसऱ्याला टोपी सारखी करायची असते. वडिलोपार्जित पावणेचार एकरांच्या वाटणीचा दावा सोळा वर्षे चालला आहे.

भंडीशेगावच्या मुक्कामी धाकटा राहुटीत येऊन बसला. म्हणाला, "बुवा, दाव्यापायी बायकोचे दागिने गेले, दोन म्हशी गेल्या. हातात काय? पुढची तारीख. वकिलानं खाल्लं आम्हाला. हा धंदाच पापाचा, असं एकदा कीर्तनात सांगा की."

राहुटीच्या कोपऱ्यात एक वृद्ध वकील बसले होते. चाळीस वर्षे तालुक्याच्या कोर्टात काढलेले, तेही वारकरी. त्यांनी शांतपणे विचारले, "माउली, एक विचारू का? या सोळा वर्षांत तुम्हाला समेट करा असं कुणी सांगितलंच नाही?"

धाकटा जरा घुटमळला. मग म्हणाला, "सांगितलं होतं. पहिल्या वकिलानंच सांगितलं होतं. म्हणून तर त्याला सोडला. म्हटलं, हा थोरल्याला फितूर झाला."

राहुटीत कोणी काही बोलले नाही. बाहेर हरिपाठ सुरू झाला म्हणून सगळे उठलो. पण ते उत्तर माझ्या मनातून जाईना. वकिलाची फी समाजाला तारक की मारक, हा सगळा प्रश्न त्या उत्तरात साठलेला आहे. तो थोडा उलगडून पाहू.

पहिली शंका अशी की, फी घेणे हेच मुळात पाप आहे काय? आपल्या संप्रदायात कीर्तनाचा मोबदला घेणे निंद्य मानले आहे. मग न्याय मिळवून देण्याचा मोबदला घेणे तरी कसे योग्य? याला उत्तर असे की, नाम कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून ते विकता येत नाही. पण श्रम ज्याचे त्याचे असतात. सावता महाराजांनी मळा केला, गोरोबाकाकांनी मडकी घडविली, नरहरी महाराजांनी सोनारकी केली, सेना महाराजांनी हजामतीचा व्यवसाय केला. कष्टाचा दाम घेतला म्हणून कोणाच्या संतपणाला बाध आला नाही. वकिलानेही वर्षानुवर्षे कायदा अभ्यासलेला असतो, रात्री जागून कागद वाचलेले असतात. नवा वकील तर काळा कोट घालून दिवसभर बाकावर बसतो आणि संध्याकाळी एसटीच्या भाड्यापुरते मिळाले तरी समाधान मानतो. त्याच्याही घरी चूल आहे. तेव्हा फी घेणे हे पाप नव्हे.

पण वकिलीत एक अडचण आहे, ती इतर धंद्यांत एवढी नाही. न्हाव्याचे काम दाढी झाली की संपते, आणि ती झाली की नाही हे गिऱ्हाइकाला आरशात दिसते. कुंभाराचे मडके वाजवून घेता येते. वकिलाच्या कामात मात्र काय करायला हवे होते आणि काय झाले, हे अशिलाला कळत नाही. अर्ज खरोखर लागत होता की उगाच दिला? मुदत नाइलाजाने मागितली की सोयीने? शेतकऱ्याला काय ठाऊक! येथे वकिलाचे स्थान सोनारासारखे आहे. कस लावणाराही तोच आणि भाव सांगणाराही तोच. म्हणून फी किती आहे यापेक्षा ती कशाशी बांधलेली आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

फी तीन प्रकारांनी बांधता येते. एक, तारखेवर. जितक्या तारखा तितके पैसे. यात काम पुष्कळ असेल तर वकिलाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण दावा लांबण्यात त्याचे हित उत्पन्न होते. प्रामाणिक वकील त्याला बळी पडत नाही. परंतु ज्या वाटेला उतार आहे त्या वाटेने पाणी जाणार, हा सृष्टीचा नियम आहे. दुसरा प्रकार, ठोक फी. सगळ्या कामाचे मिळून अमुक रुपये. यात लांबविण्याचा मोह नाही, पण पैसे आधीच पदरात पडले तर दुर्लक्षाचा मोह आहे. तिसरा प्रकार, मिळकतीत वाटा. जिंकलो तर इतका हिस्सा तुमचा, हरलो तर काही नाही.

हा तिसरा प्रकार अमेरिकेत अपघाताच्या व नुकसानभरपाईच्या दाव्यांत सर्रास चालतो. त्याची एक चांगली बाजू आहे. ज्याच्या खिशात दमडी नाही अशा जखमी मजुरालाही चांगला वकील मिळतो, आणि ज्या दाव्यात दम नाही तो वकील घेतच नाही. आपल्या देशात मात्र वकिलाला अशी बोली करण्यास मनाई आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात निर्णय दिला की, दाव्याच्या फळात वाटा ठरविणे हे वकिलाच्या पेशाला न शोभणारे गैरवर्तन होय. १९६१ च्या वकील कायद्याखाली बार कौन्सिलने केलेल्या नियमांतही हीच मनाई आहे. त्याच नियमांत असेही सांगितले आहे की, वकिलाने दावेबाजी चेतविण्यात कधी भागीदार होऊ नये. यामागचा विचार आपल्याला सहज पटेल. वकील हा अशिलाचा प्रतिनिधी आहे तसाच न्यायालयाचा सेवकही आहे. ज्याचा शेतात वाटा आहे त्याच्या जिभेवर सत्याची पकड सैल होते. तो मग सल्ला देणारा राहत नाही, तोच पक्षकार होतो.

म्हणजे तिन्ही प्रकारांत काही गुण आहे आणि काही खोट आहे. निर्दोष बोली अजून कोणी शोधलेली नाही. फीची रीत माणसाला प्रामाणिक करीत नाही. ती प्रामाणिक माणसाची वाट सोपी करते किंवा अवघड करते, इतकेच.

आता कायद्याची बाजू पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेत सांगितले आहे की, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये. नियम चांगला आहे. पण कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हसेल. खोटा व त्रास देण्यासाठी केलेला दावा सिद्ध झाला तर त्याबद्दल भरपाई देवविण्याची तरतूदही आहे. पण साधारण दाव्यात तिची मर्यादा ३,००० रुपये आहे. तीन हजारांत हल्ली काय येते? भावाला दहा वर्षे छळण्याची किंमत जर एवढीच असेल, तर छळणाऱ्याला कशाचा धाक? शिवाय वाटपाच्या दाव्यात न्यायाधीश आधी प्राथमिक हुकूमनामा करतो, कोणाचा किती हिस्सा ते ठरवितो. शेतजमीन असेल तर पुढे प्रत्यक्ष सरस-निरस पाहून वाटप करण्याचे काम महसूल खात्याकडे जाते. त्यावर हरकती, मोजणी, अपील. असा हा लांब घाट आहे. तेव्हा विलंबाचे सगळे माप वकिलाच्याच पदरात घालणे न्यायाचे नाही.

पण मंडळी, आपण दुसऱ्याचे माप पाहत बसलो. आता आपलेही पाहू. धाकट्या भावाने पहिल्या वकिलाला का सोडले? त्याने समेट करा असे सांगितले म्हणून. आणि दुसऱ्याला का धरले? तो म्हणाला, "थोरल्याला बांधावर उभं राहू देत नाही." पहिल्याच्या सल्ल्याला फी मिळाली नाही, दुसऱ्याच्या गर्जनेला सोळा वर्षे मिळाली. ते वृद्ध वकील दुसऱ्या दिवशी वाटेने चालताना मला म्हणाले, "बुवा, खरं सांगतो, तरुणपणी मीही समेट सांगत असे. अशील चहा पाजायचा आणि उद्या दुसऱ्याच्या टेबलावर दिसायचा. पुढं पुढं मी सांगायचं कमी केलं. ते माझं पाप. पण मला ते शिकवलं कुणी?"

हे शिकविणारे आपणच. भांडणाला आपण पैसे मोजतो, शांतीला मोजीत नाही. आपल्याला वकील हवा असतो तो न्याय सांगणारा नव्हे, आपला अहंकार काळ्या कोटात घालून कोर्टात उभा राहणारा. मग बाजारात जे खपते ते दुकानात येते. वकिलाच्या मनात लोभ असेल, नाही असे नाही. पण त्या लोभाला खतपाणी आपल्या वावरातून जाते.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर महात्मा गांधींचे आहे. १८९३ साली ते दादा अब्दुल्ला शेठांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा ४०,००० पौंडांचा, आणि प्रतिपक्ष कोण? तय्यब शेठ, दादा अब्दुल्लांचेच नातेवाईक, दोघे एकाच गावचे. गांधींनी कागद अभ्यासले तेव्हा आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे असे त्यांना दिसले. पण त्यांना हेही दिसले की दावा असाच चालला तर वकिलांची फी दोन्ही मोठ्या व्यापाऱ्यांना गिळून टाकील. त्यांनी दोघांना विनवून लवाद नेमविला. लवादाने तय्यब शेठांवर सुमारे ३७,००० पौंड व खर्च बसविला. एकरकमी भरले तर त्यांचे दिवाळे निघणार होते. तेव्हा गांधींनी जिंकलेल्या आपल्याच अशिलाला विनवून लांब मुदतीचे हप्ते मान्य करविले. लवादाला राजी करण्यापेक्षा हे अधिक कठीण गेले, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. दुभंगलेली माणसे जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हा धडा त्यांना तेथे मिळाला. ध्यानात घ्या, गांधी त्या कामाचा मोबदला घेत होते. मोबदला आड आला नाही.

येथे दुसरी शंका येते, आणि ती अधिक गंभीर आहे. मग वारकऱ्याने कोर्टाची पायरी चढूच नये काय? तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, तसे आपणही आपले हक्काचे कागद पाण्यात सोडावेत काय?

ती कथा आपण नीट ऐकत नाही. तुकोबांनी आधी वाटणी केली. भाऊ कान्होबांच्या हिश्शाचे कागद त्यांच्या हाती दिले आणि मग स्वतःच्या हिश्शाचे तेवढे नदीत सोडले. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी आपल्या वैराग्याचे पाणी ओतले नाही. स्वतःचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याचे सोडायला लावणे ही लूट, मग ती कितीही गोड शब्दांत असो.

हे सांगण्याचे कारण असे की समेटाच्या नावाखाली पुष्कळ अन्याय झाकला जातो. विधवा भावजयीचे नाव सातबाऱ्यावर लावायचे नाही आणि तिला म्हणायचे, "वहिनी, घरातलं भांडण चावडीवर नको." बहिणीला भाऊबीजेला साडी घालायची आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माचा हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असण्याचीही अट नाही. तो हक्क बहिणीने राजीखुशीने सोडला तर तिची मर्जी. पण माहेर तुटेल या भीतीने सोडला तर ती शांती नव्हे, तो दबलेला हुंदका आहे. अशा बाईच्या मागे जो वकील उभा राहतो, त्याची फी पवित्र आहे. त्याला दावेबाज म्हणणे हे पाप.

आणि खिशात पैसे नसले म्हणून तिने गप्प बसावे असेही नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जातीजमातींचे लोक, अपंग यांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याची सोय केली आहे. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. हे आपल्या दिंडीतल्या किती मायमाउल्यांना ठाऊक आहे? कीर्तनाच्या शेवटी दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे?

काही वाद असे असतात की ते न्यायालयातच सुटायचे. खुद्द पंढरीचे पाहा. मंदिराच्या व्यवस्थेसाठी १९७३ साली कायदा झाला, परंपरागत सेवेकऱ्यांच्या हक्कांचा वाद न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला. चाळीस वर्षे! दोन्ही बाजूंना वकील होते, दोन्ही बाजूंनी फी दिली असेल. तो प्रश्न दोन घरांत बसून मिटण्यासारखा नव्हता. म्हणून कोर्ट वाईट नाही, वकील वाईट नाही. कोर्टाकडे कशासाठी जातो, हे ज्याने त्याने तपासावे.

तेव्हा तात्पर्य काय? वारकऱ्याने वकिलाकडे जाताना तीन गोष्टी मनाशी धराव्यात, असे मला वाटते. पहिली, "मी जिंकेन का?" हे विचारण्याआधी "मी बरोबर आहे का?" हे विचारावे, आणि खरे उत्तर देणाऱ्याला फी द्यावी. ते उत्तर कडू असले तर थोडी जास्त द्यावी. दुसरी, फीची बोली आरंभीच स्पष्ट करावी, शक्य तर लेखी, आणि दाव्याच्या टप्प्यांप्रमाणे ठरवावी; तारखांच्या संख्येवर नव्हे. शिवाय समेट झाला तर वकिलाचे नुकसान होणार नाही अशी बोली करावी. भांडून जिंकल्यावर जे देणार, ते जोडून दिल्यावरही द्यावे. म्हणजे त्याच्या चुलीचा आणि आपल्या शांतीचा विरोध राहणार नाही. तिसरी, चालू दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, हे ध्यानात ठेवावे. सर्व सहहिस्सेदार राजी असतील तर जमिनीची वाटणी तहसीलदाराकडूनही करून घेता येते. त्याला दाव्याची गरज नाही.

वकील वारकऱ्यांनाही हात जोडून एक विनंती. अशील निघून जाईल म्हणून समेटाचा शब्द गिळू नका. नरहरी सोनारांचा ताजवा आपल्या हातात आहे असे समजा. सोन्यात तांबे किती, हे गिऱ्हाइकाला सांगितल्याने सोनाराचे एखादे गिऱ्हाईक जाईल. पण सांगितले नाही तर सोनारपणच जाईल.

आता त्या दोघा भावांचे सांगतो. एकादशी झाली, काला झाला, सगळे घरोघर गेले. कार्तिकीच्या आधी धाकटा मला भेटला. म्हणाला, "बुवा, वकिलाकडं गेलो होतो. म्हटलं, तडजोडीचा मसुदा करायला किती घेणार? ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, सोळा वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं." मग तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "पण एक अडलं. आम्ही दोघं अर्ध्या-अर्ध्यावर भांडत होतो. वकील म्हणाले, बहीण कुठाय? तिचं नाव दाव्यात आहे, पण तिला कुणी विचारलंच नाही."

मी विचारले, "मग?"

"मग काय! तीन वाटे करायला थोरला अजून तयार नाही. मी आहे का, ते मलाच नक्की ठाऊक नाही. पण रविवारी दोघं मिळून तिच्या घरी जाणार आहोत. सोळा वर्षांनी एका गाडीवर बसू."

दावा अजून मिटलेला नाही. मिटेल की नाही, पांडुरंग जाणे. पण पुढच्या रिंगणात समोरासमोर आल्यावर त्या दोघांना चपलेचा पट्टा आणि टोपी आठवू नये, एवढीच विठुरायाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी.